अठराव्या गुणसूत्रावरचं भगदाड

१९९३ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचा एक अहवाल छापून आला. जॉन कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठ १४५ रुग्णांवर ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया केली होती आणि त्यांतला एकही रुग्ण शस्त्रक्रियेपायी दगावला नव्हता. आज हा आकडा वाचून फारसं काही वाटणार नाही. पण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं याच शस्त्रक्रियेत दर चार-पाच रुग्णांमागे एक जण हॉस्पिटलातून घरी परतत नसे. जॉर्ज क्राइल (धाकटे) यांच्यासारख्या नावाजलेल्या सर्जननी १९७० मध्ये उघडपणे लिहिलं होतं, की स्वादुपिंडाच्या कर्करोगात एवढी मोठी कापाकापी करण्यापेक्षा पित्ताला दुसरी वाट काढून द्यावी आणि रुग्णाला सुखाने घरी जाऊ द्यावं.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. स्वादुपिंड पोटात फार आडजागी असतं, जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून. त्याच्या डोक्याशी गाठ झाली, की ती काढताना लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा आणि पुष्कळदा जठराचाही थोडा भाग काढावा लागतो. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर यांना आतड्याशी पुन्हा जोडायचं. यातला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत दगाबाज, कारण तिथून गळणारा रस आजूबाजूचं सगळं पचवू लागतो. १९०९ मध्ये बर्लिनला वाल्टर काउश यांनी अशी शस्त्रक्रिया केली, पण तिला नाव मिळालं ते न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांचं. १९३५ मध्ये त्यांनी ती दोन टप्प्यांत केल्याचं प्रसिद्ध केलं. काविळीच्या रुग्णाचं रक्त थांबत नसे, म्हणून आधी पित्ताची सोय लावून काही आठवडे थांबावं लागे. १९४० पर्यंत रक्त गोठायला मदत करणारं ‘के’ जीवनसत्त्व हाताशी आलं होतं. त्या वर्षी पाहुण्या डॉक्टरांना जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दाखवण्यासाठी व्हिपल यांनी पोट उघडलं, तर गाठ स्वादुपिंडात निघाली. मग त्यांनी एका बैठकीतच सगळं उरकलं.

कॅमेरॉन यांच्या हाताखाली हॉपकिन्समध्ये या शस्त्रक्रियेची घडी अशी बसली, की देशभरातून रुग्ण तिथे येऊ लागले. पुढे, २००६ मध्ये, एकट्या कॅमेरॉन यांच्या हजार व्हिपल शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सर्जनच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपते. माझ्या मते खरी गोष्ट तिथून सुरू होते. दर आठवड्याला ऑपरेशन थिएटरमधून काढलेल्या ताज्या गाठी त्याच आवारात काही मिनिटांवर असलेल्या प्रयोगशाळेत पोचू लागल्या. त्याआधी कुठल्याच संशोधकाकडे या रोगाचा एवढा ऐवज नव्हता. बहुतेक रुग्णांत रोग कळेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असे, आणि ज्याची गाठ काढलीच जात नाही त्या रोगाचा अभ्यास कशावर करणार?

या गाठींत काय शोधायचं, याचा अंदाज मात्र आधीच बांधला गेला होता. १९७१ मध्ये आल्फ्रेड नड्सन यांनी टेक्सासमध्ये मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांची आकडेवारी मांडली. कागद, पेन्सिल आणि थोडं गणित, एवढ्यावर त्यांनी निष्कर्ष काढला, की हा रोग व्हायला दोन आघात लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही जनुकांचं कामच पेशीच्या वाढीला लगाम घालण्याचं असतं. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते. दोन्ही गेल्या की पेशी मोकाट सुटते. घराण्यात हा रोग असलेल्या मुलांना पहिला आघात जन्मतःच मिळालेला असतो, म्हणून त्यांना तो लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. नड्सन यांच्या तर्कातलं जनुक १९८६ मध्ये प्रत्यक्ष हाती लागलं.

पी-५३ या प्रथिनाची कथा याहून गमतीची. १९७९ मध्ये डेव्हिड लेन, आर्नोल्ड लेव्हिन आणि इतरांना ते एकाच सुमारास सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते चुकीच्या पक्षात मोजलं गेलं. ते कर्करोग घडवतं, असंच सगळे धरून चालले होते, कारण प्रयोगशाळांमध्ये फिरणाऱ्या त्याच्या जनुकाच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये हॉपकिन्समध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटातल्या सुझान बेकर यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. धडधाकट पी-५३ कर्करोग रोखतं. बिघडलं, की रोखणं थांबतं.

म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर्क होता, गाठी होत्या आणि जनुकं वाचण्याची साधनंही होती. तरीही स्वादुपिंड दाद देईना. अडचण गाठीच्या घडणीतच होती. स्वादुपिंडाची कर्करोगी गाठ हाताला दगडासारखी लागते, पण तिचा बराचसा भाग कर्करोगाचा नसतोच. तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या, दाहाच्या पेशी असल्या निरोगी ऐवजाच्या दाट जाळ्यात कर्करोगी पेशींच्या लहान लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. तांदळात खडे असावेत तसं नव्हे, खड्यांत तांदूळ. अशा गाठीतून डीएनए काढला की त्यात निरोगी पेशींचा डीएनए भरपूर येतो. आणि इथे तर एखादं जनुक नाहीसं झालंय का, हेच बघायचं होतं. कर्करोगी पेशींमधून ते पुसलं गेलेलं असलं, तरी शेजारच्या निरोगी पेशींतलं ते हजेरी लावून जायचं. बिघडलेलं जनुक अशा मिश्रणातही शोधता येतं. नसलेलं जनुक शोधायला मिश्रण शुद्धच लागतं.

यावर हॉपकिन्समधल्या स्कॉट कर्न, राल्फ ह्रुबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा उंदरांचा होता. थायमस ग्रंथी नसलेल्या, अंगावर केस नसलेल्या उंदरांची एक जात असते. त्यांची प्रतिकारशक्ती इतकी दुबळी, की परकी ऊती ते झिडकारत नाहीत. शस्त्रक्रियेतून आलेल्या गाठीचा छोटा तुकडा अशा उंदराच्या कातडीखाली ठेवायचा आणि वाट पाहायची. काही महिन्यांत गाठ वाढते. तिच्यात माणसाच्या कर्करोगी पेशी तर असतातच, पण त्यांच्याभोवतीचं तंतुमय जाळं आणि रक्तवाहिन्या आता उंदराच्या असतात. माणसाच्या निरोगी पेशी मागेच पडलेल्या असतात. मग फक्त माणसाच्या डीएनएला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे (प्राइमर) वापरून तपासणी केली, की उंदराचा डीएनए मध्ये लुडबुडत नाही. जेलवर ओळीने पट्ट्या उमटतात. जिथे जनुक मुळातच नाही त्या गाठीची जागा कोरी राहते. अर्थात कोरी जागा प्रयोग फसल्यानेही दिसू शकते. म्हणून त्याच नमुन्यातलं दुसरं एखादं जनुक नीट उमटतंय ना, हे दर वेळी पाहावं लागे. नसण्याचा पुरावा द्यायचा तर अशी दुहेरी मेहनत आलीच.

या पद्धतीने गुणसूत्रं चाळली तेव्हा तीन ठिकाणी सर्वांत जास्त पडझड दिसली: नवव्या गुणसूत्राची आखूड भुजा, सतराव्याची आखूड भुजा आणि अठराव्याची लांब भुजा. सतराव्यावर पी-५३ बसतं, ते ठाऊक होतं. स्वादुपिंडाच्या सुमारे तीन-चतुर्थांश गाठींत ते बिघडलेलं असतं. नवव्याचा उलगडा १९९४ मध्ये झाला. पेशी-विभाजनाचं चक्र थांबवणारं पी-१६ हे प्रथिन त्या वर्षी एकदम प्रकाशात आलं आणि लगेच वादातही सापडलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये त्याचं जनुक सर्रास गायब दिसे, पण रुग्णांच्या गाठींत तितकं नाही. तेव्हा ही पेशी वाढवण्याच्या पद्धतीतली खोट तर नव्हे, अशी शंका घेतली गेली. हॉपकिन्समधल्या कार्लोस काल्डास आणि सहकाऱ्यांनी उंदरांत वाढवलेल्या गाठी तपासल्या. सुमारे ४० टक्क्यांत जनुक दोन्ही प्रतींसकट नाहीसं झालेलं होतं आणि जवळपास तितक्याच गाठींत ते बिघडलेलं. निदान स्वादुपिंडापुरती ती शंका मिटली.

उरलं अठरावं. तिथे आधीच एक दावेदार ठाण मांडून होता. १९९० मध्ये व्होगेलस्टाइन यांच्या गटानेच मोठ्या आतड्याच्या कर्करोगात याच भुजेवर डीसीसी नावाचं जनुक दाखवलं होतं. कर्न त्याच प्रयोगशाळेत शिकून बाहेर पडलेले. सोपं गृहीत धरायचं तर स्वादुपिंडातही तेच जनुक असणार. पण स्टेफान हान, मीके शुट्टे आणि इतरांनी ८४ गाठी तपासल्या, तेव्हा २५ गाठींत अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दोन्ही प्रतींतून निखळलेला आढळला. प्रत्येक गाठीतलं भगदाड वेगळ्या लांबीचं होतं. ती सगळी एकावर एक ठेवली, की सर्वांना समान असा छोटासा भाग उरत होता, आणि डीसीसी त्या भागाच्या बाहेर होतं. गुरूच्या घरातल्या दावेदाराला शिष्याच्या पुराव्याने बाजूला सारलं. विज्ञानात असं व्हायला हवं असं सगळेच म्हणतात. एकाच आवारात ते होताना पाहणं विरळा.

त्या समान भागात जे जनुक सापडलं त्याला नाव मिळालं डीपीसी-४, म्हणजे स्वादुपिंडाच्या कर्करोगात निखळणारं चौथं ठिकाण. भगदाड नसलेल्या २७ गाठी पाहिल्या, तर सहांत हेच जनुक बिघडलेलं निघालं. १९ जानेवारी १९९६ च्या ‘सायन्स’मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

हे जनुक नेमकं करतं काय, याचं उत्तर मात्र फळमाशीने दिलं. डीपीसी-४ ची अक्षरं माशीतल्या ‘मॅड’ नावाच्या जनुकाशी जुळत होती. ते हार्वर्डमधल्या सेकेल्स्की आणि गेलबार्ट यांच्या गटाने नुकतंच, १९९५ मध्ये, वर्णन केलं होतं. (‘मदर्स अगेन्स्ट’ अशी त्या नावाची सुरुवात. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धच्या अमेरिकेतल्या मातांच्या संघटनेवर केलेला तो विनोद. माशीवाल्यांना असली हौस फार.) माशीतलं मॅड हे पेशीबाहेरून आलेला निरोप आत पोचवणाऱ्या साखळीतला दुवा होतं. माणसात या साखळीच्या टोकाशी टीजीएफ-बीटा नावाचा संदेश असतो, आणि स्वादुपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींसाठी त्याचा अर्थ ‘आता वाढू नका’ असा होतो. निरोप पेशीच्या पृष्ठभागावर येतो, इतर प्रथिनं तो उचलतात, डीपीसी-४ त्यांच्या जोडीने केंद्रकात जातं आणि तिथली जनुकं चालू-बंद करतं. हा जोडीदारच नसेल तर दारात आलेला निरोप आत पोचत नाही. माशी आणि कृमी यांतल्या भावंड-जनुकांच्या नावांची सांगड घालून १९९६ मध्येच या कुटुंबाला ‘स्मॅड’ म्हणायचं ठरलं आणि डीपीसी-४ चं झालं स्मॅड-४. हॉपकिन्सची मंडळी जुनं नाव पुढेही बराच काळ वापरत राहिली.

याच शोधाच्या वाटेवर आणखी एक घबाड हाती लागलं. १९९५ मध्ये शुट्टे आणि सहकाऱ्यांना एका स्वादुपिंडाच्या गाठीत तेराव्या गुणसूत्रावर दोन्ही प्रतींचं भगदाड दिसलं. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचं दुसरं जनुक त्याच परिसरात असावं, म्हणून अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तेव्हा जोरदार शर्यत लागली होती. या एका गाठीने शोधाचं क्षेत्र एकदम आकुंचित केलं. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने बीआरसीए-२ जाहीर केलं. हजारो स्त्रियांच्या तपासणीशी आज जोडलं गेलेलं हे जनुक सापडायला स्वादुपिंडाच्या गाठीने हातभार लावला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

जनुक नाहीसं झालंय हे डीएनएमध्ये दाखवणं किचकट होतं. २००० साली रॉब विलेंट्झ आणि ह्रुबन यांनी तेच साध्या स्लाइडवर दाखवून दिलं. स्मॅड-४ प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड गाठीच्या पातळ कापावर सोडायचं. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग येतो, बाकीच्यावर निळसर छटा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की तंतुमय ऊतींतल्या पेशी तपकिरी, लिम्फोसाइट तपकिरी, शेजारची निरोगी नलिका तपकिरी, आणि त्यांच्या मधोमध कर्करोगाच्या वेड्यावाकड्या ग्रंथी कोऱ्या निळ्या. भोवतालच्या निरोगी पेशींनीच रंग नीट चढल्याची ग्वाही दिलेली असते. पूर्वी ज्या जाळ्याने संशोधकांना छळलं, तेच आता साक्षीला उभं राहिलं. सुमारे ५५ टक्के गाठींत स्मॅड-४ असं हरवलेलं असतं. पी-५३ ची तऱ्हा नेमकी उलटी. बिघडलेलं पी-५३ पुष्कळदा पेशीत मोडून टाकलं जात नाही, साचत राहतं, आणि केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. एका प्रथिनाचा दोष अति असण्यात दिसतो, दुसऱ्याचा मुळी नसण्यात.

या रंगाने काळाचाही अंदाज येऊ लागला. १९९९ मध्ये युटा राज्यातल्या पार्क सिटीत पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले आणि नलिकांमधल्या कर्करोगपूर्व बदलांच्या पायऱ्या त्यांनी ठरवल्या. त्याआधी तोच बदल पाहून प्रत्येक जण वेगळं नाव देत असे. पहिल्याच पायरीवर के-रास हे वाढीला चिथावणारं जनुक बिघडलेलं सापडतं. पी-१६ मधल्या टप्प्यावर जातं. पी-५३ आणि स्मॅड-४ शेवटी. शेवटच्या पायरीवरच्या नलिकांपैकी जवळपास एक-तृतीयांशांत स्मॅड-४ दिसेनासं झालेलं असतं. त्याआधीच्या पायऱ्यांवर ते शाबूत असतं. दिल्लीच्या एम्समधून शिकून हॉपकिन्सला गेलेले अनिर्बन मैत्र यांनी २००३ मध्ये अनेक प्रथिनं एकत्र तपासून हा क्रम आणखी पक्का केला.

यानंतर क्रिस्टीन आयाकोबुझियो-डोनाह्यू यांनी हाती घेतलेलं काम ऐकायलाही जड जातं. मरणोत्तर तपासणीला जिवंतपणीच संमती दिलेल्या रुग्णांचं शवविच्छेदन मृत्यूनंतर काही तासांतच करायचं आणि मूळ गाठीचे व पसरलेल्या गाठींचे ताजे नमुने मिळवायचे. त्या कुटुंबांनी दुःखाच्या पहिल्या रात्रीच यासाठी वाट मोकळी करून दिली, म्हणून पुढचं सगळं कळलं. २००९ मध्ये अशा ७६ रुग्णांचा अहवाल आला. एकाच नावाच्या रोगाने गेलेल्या या माणसांपैकी ३० टक्क्यांत रोग बहुतांशी स्वादुपिंडाभोवतीच माजला होता आणि ७० टक्क्यांत शरीरभर पसरला होता. रोग पसरलेल्यांत स्मॅड-४ हरवलेलं असण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. यावरून उपचार ठरवता येतील, अशी आशा तेव्हा वाढली. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र मेळ तितका चांगला बसला नाही.

दुसऱ्या वर्षी ‘नेचर’मध्ये शिनिची याचिदा आणि त्याच गटाने सात रुग्णांच्या गाठींतल्या बदलांवरून उलटा हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खरी कर्करोगी पेशी जन्मायला निदान दहा वर्षं, तिच्या वंशात पसरण्याची ताकद यायला आणखी किमान पाच, आणि त्यानंतर रुग्णाच्या हाती सरासरी दोन वर्षं. हा रोग वाऱ्यासारखा येतो ही समजूत डॉक्टरांचीही होती. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं याच रोगाचं आजारपण २०१८ मध्ये उघड झालं आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले. गोव्यात आणि महाराष्ट्रात ‘एवढ्यात कसं झालं?’ हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरी विचारला गेला. कुठल्याही एका रुग्णाबद्दल त्याचं उत्तर या अभ्यासातून मिळत नाही. पण सर्वसाधारणपणे रोग झटपट वाढत नसतो, तो उशिरा कळतो, एवढं या हिशेबाने सांगितलं. त्या दहा-पंधरा वर्षांत त्याला गाठायचं कसं, याची सोपी चाचणी अजून नाही.

उपचारांच्या बाबतीत या सगळ्या ज्ञानाची पंचाईत अशी, की औषधं बहुधा कशाला तरी अडवतात. के-रास चिथावतं, तर त्याला अडवता येतं. तसं पहिलं औषध २०२१ मध्ये मंजूर झालं, तेही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. पण जे प्रथिन नाहीच, त्याला काय अडवणार? पी-१६ गेलेलं, स्मॅड-४ गेलेलं, पी-५३ असून नसल्यासारखं. २००८ मध्ये हॉपकिन्सने २४ गाठींची जनुकं अक्षर-अक्षर वाचली तेव्हा प्रत्येक गाठीत सरासरी ६३ बदल निघाले. त्या गर्दीतही सर्वांत जास्त वेळा ठळकपणे पुढे आली ती हीच मूठभर नावं. रोगाची यादी इतकी स्वच्छ असावी आणि त्यातल्या बहुतेक नोंदींवर औषध नसावं, याचा राग येतो तो या क्षेत्रातल्या माणसांनाच जास्त.

हरवलेल्या प्रथिनाचा फायदा घेता आला तो एकाच ठिकाणी, आणि तेही १९९५ च्या त्या तेराव्या गुणसूत्रावर. बीआरसीए-२ गेलं की पेशीला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. डागडुजीची उरलेली वाट औषधाने बंद केली, तर ती मरते. ओलापारिब हे औषध यावरच चालतं. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात त्याची चाचणी घ्यायला ३३१५ रुग्ण तपासावे लागले. बीआरसीए जनुकांतला जन्मजात दोष आढळला २४७ जणांत आणि प्रत्यक्ष चाचणीत गेले १५४. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. तरी डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने ते मंजूर केलं. तिथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या रोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची आता जन्मजात दोषासाठी रक्ततपासणी करायची असते, घराण्यात कर्करोग असो वा नसो. दोष सापडला, तर पुढची तपासणी त्याच्या भावंडांची आणि मुलांची.